ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर

शुक्रवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, उद्या पहाटे पाचला निघतोय आम्ही. कोकणात. चौघं जण, तीन गाड्या. मागच्या चाकात हवा किती ठेवू?"

कोकणात कुठे, ते ठरलेलं नव्हतं. राहणार कुठे, तेही नाही. संध्याकाळी टपरीवर कटिंग पिताना कुणीतरी म्हणालं, समुद्र बघून किती दिवस झाले रे, आणि तेवढ्यावर चौघांनी आपापल्या घरी फोन लावले. मला हसूच आलं. १९८८ साली चिंचवडला, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर, दुसरी पाळी सुटल्यावर आमच्यातलाही एक जण हेच बोलला होता. तेव्हा घरी फोन नव्हता, म्हणून आम्ही शेजारच्या दुकानात निरोप ठेवून निघालो होतो. एवढाच फरक.

हवा किती भरायची हे एका वाक्यात सांगून झालं असतं. पण म्हटलं, बस जरा, ऐक. तासभर बोललो. मामी मधे दोनदा "अहो, पोराला झोपू द्या" म्हणून गेली. त्या रात्री जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय. भाच्याला आहेच, पण टपरीवरून परस्पर निघणारी पोरं प्रत्येक घरात असतात.

बुकिंग नाही, हे विसरू नका

ठरवून जाणारा माणूस बुकिंगचा बांधील असतो. खोलीचे पैसे भरलेले असतात, जेवणाची ऑर्डर दिलेली असते, म्हणून घाटात ढगफुटी झाली तरी तो पुढेच जातो. तुमचं काहीच भरलेलं नाही. मुळशीला आभाळ काळं दिसलं तर पौडला मिसळ खाऊन माघारी फिरायची मुभा आहे. माणगावला अंधार पडला तर माणगावलाच लॉज घ्यायची मुभा आहे. एक रुपया बुडत नाही.

बिघडतं ते दुपारी. जेवण झालेलं असतं, अंगात ऊन मुरलेलं असतं आणि एक जण म्हणतो, "आज दापोली गाठायचीच." झालं! जे बुकिंग कुणी केलंच नव्हतं ते चौघांच्या डोक्यात पक्कं होतं. मग चहा रद्द, लघवीला थांबणं रद्द आणि वळणावर ओव्हरटेक चालू.

म्हणून पहिला नियम असा की मुक्काम घड्याळावर ठरवा, गावावर नको. ऑक्टोबरात आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाच वाजता जिथे असाल तिथे खोली शोधायला लागा. कोकणातल्या लहान गावातही घरगुती खोल्या मिळतात. फलक दिसला नाही तर किराणा दुकानात विचारायचं, दुकानदार बरोबर कुणाच्या तरी मागच्या अंगणात नेऊन सोडतो. दिवेआगर, हरिहरेश्वर जोडून सुट्ट्या आल्या की भरतात, पण चार किलोमीटर अलीकडच्या गावात जागा असतेच.

आदल्या रात्री गाडी गॅरेजला टाकू नका

हे ऐकून भाचा चमकला. त्याला उलट वाटत होतं की उद्या निघायचं तर आज सर्व्हिसिंग करून घ्यावं. माझा अनुभव असा की उघडलेल्या गाडीला बसायला आठवडा द्यावा लागतो. नट नीट आवळला नाही, केबल जास्त ताणली गेली, ब्रेक लायनर नवीन आहेत आणि अजून घासून बसलेले नाहीत, हे सगळं पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये कळतं. ते शंभर किलोमीटर गावात व्हावेत, घाटात नकोत. म्हणून गाडी कायम निघण्याच्या लायकीची ठेवायची आणि आदल्या रात्री फक्त बघायची. दहा मिनिटं पुरतात.

टायर हाताने चाचपायचा. खिळा, काच, फुगवटा बोटाला कळतो, डोळ्याला नाही. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर दगडासारखा कडक झालेला असतो आणि ओल्या डांबरावर साबणासारखा सरकतो.

हवा भरायची ती सकाळी, गाडी थंड असताना. तीस किलोमीटर पळवून भरली तर आकडा खोटा येतो, कारण आतली हवा तापून फुगलेली असते. किती भरायची ते मामाला विचारायचं नाही. बहुतेक गाड्यांवर चेन-कव्हरपाशी किंवा मागच्या चाकाजवळ स्टिकर असतो, एकट्यासाठी वेगळा आकडा आणि डबलसीटसाठी वेगळा. डबलसीटला मागे चार-पाच पाउंड जास्त लागते. मागे बसणारा ऐंशी किलोचा असेल तर हे विसरायचं नाही.

चेन मधोमध धरून वर-खाली करून बघ. बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त लोंबत असेल तर ढिली आहे. क्लच-केबलचे तंतू लिव्हरपाशी सुटायला लागले असतील तर ती तुटायच्या बेतात आहे. आम्ही काय करायचो, नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून टेपने बांधून ठेवायचो. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची, पाच मिनिटांत गाडी चालू. आणि शेवटी मागचा दिवा. भिंतीजवळ गाडी लावून ब्रेक दाबायचा, भिंत लाल झाली पाहिजे.

सामान थोडं, पण मामीच्या पिशव्या हव्यातच

सामानाचा विषय आला तेव्हा मामीने फोन माझ्या हातातून घेतला. तिचं म्हणणं असं की दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून घरात असतातच, त्या दहा-बारा घ्या. एकीत मोबाइल, एकीत कागद, एकीत कोरडे मोजे. पाऊस आलाच तर दोन पिशव्या मोज्यांवरून चढवायच्या आणि मग बूट घालायचे. पाय कोरडे राहिले की माणूस निम्मा सुखी असतो. महागडे रायडिंग बूट घेतलेल्या पोरांनाही मी नंतर हे करताना पाहिलं आहे.

बाकी यादी लहान आहे. गाडीसोबत आलेली पान्यांची पिशवी, प्लग-पाना, थोडी तार, सुतळी, टेप, एक जुनं फडकं. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरच्या वातींचा संच आणि छोटा पंप. बुलेटला तारांची चाकं असतील तर आत ट्यूब असते, तिथे वातीचा उपयोग नाही. चाक काढावंच लागतं. तेव्हा त्या मापाची एक ट्यूब बरोबर असू द्या. गावच्या पंक्चरवाल्याकडे सगळ्या मापांच्या ट्यूब असतीलच असं नाही.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज नसते. आधीच उघडून, उतरवून ठेवा. त्याच कारणाने सुटे पैसे खिशात ठेवा. डोंगरातल्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तो चालायला लागणारं नेटवर्क नसतं.

हेल्मेट पुढच्याला आणि मागच्यालाही, आयएसआय शिक्क्याचं, पट्टा लावलेलं. दोन बोटं आत जातील एवढाच सैल. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. काळी काच दिवसा कितीही झकास दिसो, संध्याकाळी तिच्यातून काही दिसेनासं होतं आणि मग पोरं काच वर करून किडे खात चालवतात. पारदर्शक काचच घ्या.

सगळ्यात हळू जो, त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग

यांच्या तीन गाड्या म्हणजे एक बुलेट, एक पल्सर डबलसीट आणि एक अॅक्टिव्हा. अॅक्टिव्हावाल्याला इतरांनी आधीच "तू मागून ये" सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, उलटं करा. अॅक्टिव्हा पुढे, पल्सर मधे आणि सगळ्यात जाणता बुलेटवर शेवटी. हळू चालणारा मागे ठेवला की तो गाठण्याच्या नादात ताकदीबाहेर चालवतो, आणि तो पडला तर पुढच्यांना वीस किलोमीटर पुढे गेल्यावर कळतं.

रस्ता चुकू नये म्हणून आमचा नियम साधा होता. आपल्या मागच्याची जबाबदारी आपली. आरशात मागच्याचा दिवा दिसेनासा झाला तर वेग कमी करायचा. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत वळायचंच नाही. प्रत्येकाने एवढं केलं की सगळ्यात पुढचा आपोआप थांबतो, ओरडावं लागत नाही. आणि एका रेषेत चालायचं नाही. पुढचा रस्त्याच्या उजव्या अंगाला असेल तर मागच्याने डाव्या अंगाला राहावं, म्हणजे पुढच्याने करकचून ब्रेक मारला तरी समोर मोकळी जागा असते. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तू दचकून ब्रेकवर बोटं ठेवेपर्यंत एसटीच्या दोन बसएवढं अंतर निघून गेलेलं असतं.

पेट्रोलचा हिशोब मोठ्या टाकीवर करायचा नाही. अॅक्टिव्हाची टाकी पाच-सव्वापाच लिटरची. ती जिथे अर्धी होईल तिथे तिघांनीही भरायचं. ताम्हिणीने जाताय तर पिरंगुट-पौडलाच टाक्या गच्च करा. पुढे मुळशीचं पाणी उजवीकडे ठेवून घाट उतरून विळ्याला पोचेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका.

घाट

आता मूळ गोष्ट. आमच्या काळी ड्रायव्हिंग शिकवणारा पहिलं वाक्य हेच सांगायचा, आणि ते ट्रकवाल्यांकडून आलेलं होतं: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. चढाला दुसरा लागला असेल तर उताराला दुसराच. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून न्यूट्रल करून सोडली की सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही. हे कळतं तेव्हा समोर वळण असतं.

माझी गाडी राजदूत होती, टू-स्ट्रोक. तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असायचं, त्यामुळे अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांब उतार गिअरमध्ये उतरलं तर इंजिनला ऑइल मिळायचं नाही. म्हणून जाणती माणसं गिअरमध्येच उतरायची, पण दर थोड्या वेळाने किंचित रेस द्यायची. आळशी माणसं न्यूट्रल करायची. मी कोणता, ते पुढे सांगतो. तुमच्या गाड्या फोर-स्ट्रोक, तुम्हाला ती अडचणच नाही.

अॅक्टिव्हाला गिअर नाहीत, त्यामुळे इंजिनचा आधार फार थोडा. तिने उतरताना आधीपासूनच वेग कमी ठेवावा, दोन्ही ब्रेक एकदम पण दाब-सोड करत वापरावेत, सतत घासत नेऊ नयेत. अर्ध्या घाटात एकदा थांबून पाच मिनिटं ब्रेक थंड होऊ द्यावेत. चाकाजवळ जळका वास आला तर अर्धा तास थांबा. वर पाणी ओतू नका.

वळणाच्या आत ब्रेक मारायचा नाही. ब्रेक वळणाआधी, मग गाडी वळू द्यायची, वळण उघडलं की अॅक्सिलरेटर. नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्ड्याकडे टक लावून बघणारा नेमका खड्ड्यात जातो. चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. एसटी वळणावर समोर आली तर तिला सगळा रस्ता लागतो असं धरून चाला. एसटीचा ड्रायव्हर त्या घाटातून रोज जातो, तुम्ही वर्षातून एकदा.

अॅक्टिव्हा सोडली तर तुमच्या नव्या गाड्यांना एबीएस आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. चांगली गोष्ट आहे, चाक जाम होऊन गाडी घसरत नाही. पण विखुरलेल्या खडीवर गाडी लवकर थांबवायचं कसब त्याच्यात नाही. पावसाळ्यानंतर वळणाच्या बाहेरच्या कडेला नेहमी खडी साचलेली असते. आणि बऱ्याच दिवसांनी पाऊस पडला तर पहिला अर्धा तास टपरीवर काढा. रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि डिझेल त्या पाण्यावर तरंगत असतं. नंतर ते धुऊन जातं.

वरंध घाटाने जायचं डोक्यात असेल तर भोरला आधी विचारून घ्या. गेली काही वर्षं पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद ठेवतात. आणि पुराच्या पाण्यात कुठल्याही पुलावर गाडी घालू नका, "पाणी घोट्याएवढंच आहे" असं कुणी म्हणालं तरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. अंधारात पूल आहे की नाही हेच त्या ड्रायव्हरांना दिसलं नसणार.

खाली उतरल्यावर

घाट संपला की पोरांना वाटतं, अवघड संपलं. कोकणातला रस्ता मऊ दिसतो आणि तिथेच फसवतो. दर वाडीला गतिरोधक, त्याला पांढरा पट्टा असेलच असं नाही. कडेला लाल माती, ती ओली झाली की लोण्यासारखी. झाडाखाली पाला सडलेला. भातकापणीच्या दिवसांत रस्त्यावर पेंढा पसरलेला असतो, त्यावर ब्रेक लागत नाही आणि तो शेतकऱ्याचा असतो, म्हणून बाजूने जा. तिन्हीसांजेला गुरं घरी परततात. अंधारात तीच गुरं तापलेल्या डांबरावर ऊब घेत बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दहा मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. पाच वाजता मुक्काम शोधायला सांगतो ते याचसाठी.

हरिहरेश्वरहून पुढे जायचं झालं तर बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोट मिळते. सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. तशीच दाभोळहून धोपाव्याला, तिथून गुहागर. धक्क्याचा उतार ओहोटीला शेवाळलेला असतो. मागे बसणाऱ्याने उतरून चालत जावं, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न करकचता. बोटीत गाडी साइड स्टँडवर लावून गिअरमध्ये ठेवायची आणि मालकाने तिच्याजवळ उभं राहायचं. फोटो दुसऱ्याने काढावेत.

भरती-ओहोटी बघायला मोबाइल आहेच, पण रेंज गेली तर कोकणातल्या म्हाताऱ्यांचा हिशोब लक्षात ठेव: तिथीची पाऊणपट. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात आत येतं. मला हे हर्णैच्या एका तांडेलाने बोटांवर मोजून दाखवलं होतं, आणि अजून मी कॅलेंडर बघूनच समुद्रात पाय घालतो.

गाडी मात्र पुळणीवर घालायची नाही. ओली वाळू कडक दिसते, थांबलात की चाक रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. खारं पाणी चेनला, बेअरिंगला आणि वायरिंगला लागलं की ते पुढचं वर्षभर आपलं काम करत राहतं. शिवाय पोलीस दंड करतात ते वेगळंच.

जेवण आणि झोप

सुरमई खायची ती मुक्कामाला पोचल्यावर. दुपारी रस्त्यात भाकरी-पिठलं, ताक, फार तर सोलकढी. भरल्या पोटी दोन ते चार या वेळात उघड्या डोळ्यांनी झोप लागते. लक्षण सांगतो: मागचे पाच किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल तर तू झोपला होतास. तोंडावर पाणी मारून, गाणी म्हणून झोप जात नाही. देवळाच्या ओट्यावर वीस मिनिटं आडवं व्हायचं. कोकणात एवढी देवळं कशाला बांधलीत?

दारूचं मी बोललो नाही. भाचाच म्हणाला, "मामा, ते कळतं." बरं वाटलं.

पडलंच कुणी, तर घाईने उठवून बसवू नका, मान हलवू नका. एकाने वळणाच्या अलीकडे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. रेंज नसेल तर एकाने पुढच्या गावात जायचं, आणि जाताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय ते वाचून जायचं. "घाटात कुठेतरी" एवढ्यावर कुणी पोचू शकत नाही.

परतीचा घाट

आता ती राजदूतची गोष्ट. १९८८ च्या त्या रविवारी आम्ही चौघं हर्णैच्या बंदरात होतो. दुपार कलली तशा बोटी यायला लागल्या. मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरत होत्या, बैलांच्या पोटापर्यंत पाणी. वाळूवर पापलेट, कोळंबीचे ढीग लागत होते आणि लिलाव सुरू होणार होता. माझ्या मागे बसून आलेला मित्र म्हणाला, "एवढा लिलाव बघू या रे." मी म्हटलं, "सकाळी सातची पाळी आहे. निघायचं."

जाताना आमचं कुठलंच बुकिंग नव्हतं. येताना होतं. सोमवार, सकाळी सात.

महाडला पोचेपर्यंत अंधार पडला. वरंध चढलो ते दुसऱ्या गिअरमध्ये, नीट. माथ्यावर चहासुद्धा घेतला नाही. भोरच्या बाजूचा उतार सौम्य आहे, म्हणून मी न्यूट्रल केली. पेट्रोलही कमी होतं आणि मनात घड्याळ चालू होतं. इंजिन मंदावलं तसा दिवाही मंदावला. आवाज नाही, फक्त वारा, आणि वेग हळूहळू वाढत गेलेला, मला न कळता. एका डाव्या वळणावर ब्रेक दाबला तर पॅडल नुसतं खाली गेलं. गडबडीत गिअर पडेना. आम्ही बाहेरच्या खडीवर गेलो आणि आडवे झालो. मला खरचटलं. त्याचं कॉलर बोन मोडलं. दुधाच्या टेम्पोत घालून त्याला भोरला नेलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. सातच्या पाळीला आमच्यातलं कुणीच गेलं नाही. कंपनी चालूच राहिली.

अजूनही त्याला दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, हात खांद्याच्या वर जात नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. फक्त कुठेही निघालो की विचारतो, "परत कधी यायचंय?" आणि मी "ठरलं नाही" म्हटल्यावरच गाडीत बसतो.

म्हणून भाच्याला सांगितलं, निघायच्या आधी आत्ता, रात्रीच, सोमवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा मेल टाक. वापरायला लागली नाही तर सोमवारी सकाळी जाऊन कामाला बस, साहेब खूश होईल. पण रविवारी दुपारी खिशात ती असली पाहिजे. जाताना जी मोकळीक आहे तीच येताना हवी. गिअरचा नियम गाडीपुरता नाही, एवढंच मला छत्तीस-सदतीस वर्षांत कळलंय.

फोन ठेवता ठेवता मामीने पुन्हा तो ओढून घेतला. ती म्हणाली, "हे बघ, प्रत्येक ठिकाणाहून निघताना एक मेसेज टाक. पोचल्यावर नको, निघताना. आणि आम्ही कुणीही 'किती वाजता येताय' असं विचारणार नाही." १९८८ च्या त्या रात्री ती खिडकीत बसून होती. आमचं नुकतंच लग्न झालेलं होतं, आणि दुकानात ठेवलेल्या निरोपात मी तिला रात्री अकराला घरी येतो असा शब्द दिला होता. त्यानंतर आजवर तिने मला तो प्रश्न विचारलेला नाही.

पोरं शनिवारी पाचला निघायची ती साडेसहाला निघाली. माणगावला वाहतूक तुंबली होती, म्हणून श्रीवर्धनलाच मुक्काम केला. रविवारी खाडी ओलांडून हर्णैला गेली. संध्याकाळी सहाला ताईचा मला फोन आला, आवाज कातर. "अरे, ही पोरं अजून तिकडेच आहेत. विचारू का त्यांना, कधी निघताय ते?"

"नको," मी म्हटलं. "लिलाव बघतायत."